पाऊस परततानाचं महाबळेश्वर

विचारणा अशी आहे: पुण्याहून स्वतःच्या गाडीने, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तीन रात्रींसाठी महाबळेश्वर-पाचगणीला जायचंय. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. तोवर पाऊस संपलेला असेल का, धबधबे उरलेले असतील का, घाटाची भीती बाळगावी का, आणि याच फेरीत साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुलंही बघून होतील का?

मी वाईला राहतो आणि गेली सव्वीस वर्षं लोकांना घेऊन या डोंगरांत फिरतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: जरूर जा. माझ्या लेखी वर्षातले सगळ्यांत सुंदर दिवस हेच. फक्त 'पाऊस संपलेला असेल' असं धरून निघू नका. तो संपलेला नसतो, त्याची वागणूक बदललेली असते. ती बदललेली वागणूक समजली की तीन दिवसांतले जवळजवळ सगळे तास कामी येतात. नाही समजली तर खोलीच्या खिडकीतून धुकं बघत बसावं लागतं.

आधी तारखांचं बघू. हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमाराला पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायला लागतात, मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतात आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून जातात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा आपल्याकडे पावसाळा कागदोपत्रीही चालूच असतो. पंचांगाप्रमाणे तो हस्ताचा काळ. आमच्याकडे गावात 'हत्ती लागला' म्हणतात. हादग्याला पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, तो याच पावसाचा. हा पाऊस गरजत येतो, तासभर झोडपतो आणि निघून जातो. जुलैचा पाऊस असा नसतो. जुलैत गडगडाट फारसा नसतो, दिवसचे दिवस संततधार लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्येच होऊन जातो.

आता मुख्य गोष्ट. जुलैत ढग कोकणातून येतात. समुद्रावरचा वारा पश्चिमेच्या कड्यांवर आपटतो, वर चढतो, थंड होतो आणि कड्याच्या माथ्यावरच रिता होतो. म्हणून महाबळेश्वरला एवढा पाऊस, अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून आमच्या वाईत आलं की त्याहूनही निम्म्याच्या आत. सप्टेंबर सरता सरता समुद्रावरच्या वाऱ्याचा हा जोर ओसरतो. मग दिवसभराच्या उन्हाने देशावरची ओली जमीन तापते, दुपारी ढग उभे चढत जातात आणि ते पूर्वेकडून, वाई-साताऱ्याच्या बाजूने डोंगराकडे सरकतात. पाऊस येण्याची दिशाच उलटते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते कोकणाच्या बाजूचं निळं आभाळ बघून निर्धास्त होतात आणि पाठीमागून आलेल्या पावसात सापडतात. तुम्ही सकाळी चहा घेताना पूर्वेला बघत जा. तिथे अकराच्या आतच फुलकोबीसारखे गच्च, कडा रेखीव असलेले ढग उभे राहायला लागले, तर दोन वाजेपर्यंत छपराखाली परतायचं असं ठरवून टाका.

म्हणून मी या दिवसांत पॉइंटची यादी करत नाही, दिवस घड्याळावर बेततो. पहाटे साडेपाच ते दुपारी साडेबारा आपले. दोन ते साडेपाच आभाळाचे. पाऊस पडून गेला तर साडेपाच ते सात पुन्हा आपले, आणि त्या वेळेचा उजेड असा असतो की दुसऱ्या कुठल्या मोसमात तो दिसत नाही. हवा धुतलेली असते, वीस-पंचवीस किलोमीटरवरची रांग हाताला लागेल अशी वाटते. नेहमीचे प्रवासी याच्या बरोबर उलट करतात. साडेनऊला उठतात, अकराला निघतात आणि सूर्यास्त गाठायचा म्हणून चार वाजता उघड्या कड्यावर जाऊन उभे राहतात.

हे मीही एकदा केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. अठरा माणसं घेऊन साडेतीन वाजता पाचगणीच्या टेबललँडवर होतो. वाईच्या बाजूला गडगडत होतं. मला वाटलं, लांब आहे. दहा मिनिटांत टपोरे थेंब आले आणि सगळे दिसेल त्या आडोशाकडे पळाले. त्या पळापळीत एक आजी ओल्या जांभ्यावर घसरल्या, त्यांचं मनगट मोडलं. वीज कुणावर पडली नाही हे नशीब. चूक सर्वस्वी माझी होती. टेबललँड म्हणजे सपाट उघडं पठार, तिथे उभा माणूस हाच सगळ्यांत उंच. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: वीज चमकली की आकडे मोजायचे. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद गेले की वीज साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पठार, कडा, एकटं झाड, सगळं सोडून गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खाली उतरायचं नाही. काचा वर केलेली गाडी ही झाडापेक्षा किंवा पत्र्याच्या टपरीपेक्षा कितीतरी सुरक्षित जागा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप आहे, आसपास विजा पडत असल्या तर ते सूचना देतं. निघण्याआधी ते घेऊन ठेवा. पण रेंज कुठे जाईल याचा भरवसा नाही, म्हणून आकडे मोजणं मुलीलाही शिकवा. मुलं हे काम फार मन लावून करतात.

आता आई-बाबांना घेऊन कुठे जायचं ते. पहिल्या पहाटे केट्स पॉइंट. तो पूर्वेच्या अंगाला आहे, खाली कृष्णेचं खोरं आणि धोम-बलकवडीचं पाणी. या दिवसांत रात्री आभाळ मोकळं राहिलं की खोऱ्यातली थंड, ओली हवा तळाशी साचते आणि सकाळी सगळं खोरं धुक्याने भरलेलं असतं. आपण वर उन्हात आणि ढग पायाखाली. सूर्य वर आला की त्या पांढऱ्या पाण्याला आधी गुलाबी कडा येते, मग ते हळूहळू हलायला लागतं आणि साडेआठ-नऊच्या सुमाराला एकेक डोंगराचा खांदा बाहेर पडतो. हे रोज दिसतंच असं नाही. आदल्या संध्याकाळी पाऊस आणि नंतर चांदणं, असा योग जुळला की मात्र गजर लावून उठाच. चालणं बेताचं आहे, आई-बाबांना जमेल.

ज्या सकाळी वरच धुकं असेल, हातभरावरचं दिसत नसेल, त्या सकाळी कड्यांवर जाऊन वाट बघत बसू नका. सरळ जुन्या महाबळेश्वरला जा. क्षेत्र महाबळेश्वर बाजारपेठेपासून सहा-एक किलोमीटरवर आहे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडतं, आणि या दिवसांत ती धार भरघोस असते. मुलीला एक गंमत सांगा: यातली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पार आंध्रापर्यंत जाऊन बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगराच्या पाण्याच्या वाटा दोन समुद्रांना गेल्या. थोडं पुढे कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. फार लोक तिकडे जात नाहीत. त्याच्या भिंतींवर या दिवसांत शेवाळ आणि नेचे असे माजलेले असतात की देऊळ बांधलं नसून उगवलं आहे असं वाटतं. मात्र देवळांमध्ये अनवाणी चालावं लागतं आणि ओला दगड साबणासारखा असतो. आई-बाबांचा हात धरूनच चला, आणि मोज्यांनी तर मुळीच नको.

आर्थर सीटला पायऱ्या आहेत, त्याही ओल्या. बाबांच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा. समोर सावित्रीचं खोरं सरळ तुटत जातं. तिथून खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने उलटी वर येते म्हणून लोक बाटल्यांची झाकणं टाकत बसतात. तेवढं मुलीला करू देऊ नका, तो कचरा खाली जंगलातच राहतो. विल्सन पॉइंट म्हणजे १,४३९ मीटर, इथला सर्वांत उंच माथा. गाडी जवळपर्यंत जाते, म्हणून ज्येष्ठांसाठी सोयीचा. बॉम्बे पॉइंटही चालायला सोपा, पण त्याचं नाव सूर्यास्तासाठी आहे आणि पश्चिमेला क्षितिजावर ढगांची रेघ राहतेच. सूर्य बुडताना दिसण्याची आशा धरू नका, ढगांच्या रंगांसाठी जा.

प्रतापगड या फेरीत सोडा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्या ओल्या असतात, आणि तिकडे जायचं म्हणजे आंबेनळी घाट उतरणं आलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

धबधबे असतात, आणि मला तर ते याच वेळी खरे बघण्यासारखे वाटतात. जुलैत लिंगमळ्याला जाल तर आवाज ऐकू येतो आणि धुकं दिसतं, धबधबा नाही. शिवाय पाणी लालसर असतं, कारण वरची जांभ्याची माती धुपून येत असते. सप्टेंबर संपताना माती बसलेली असते, ओढे निवळतात आणि तेच पाणी पांढरंशुभ्र पडतं. डोंगर अजून भिजलेल्या स्पंजासारखा असतो, पाऊस दोन दिवस थांबला तरी झरे चालूच राहतात. लिंगमळ्याला वरून बघण्याच्या जागेपर्यंत आई-बाबा येऊ शकतील. खाली छोट्या धबधब्याकडे जायची वाट मात्र शेवाळी आहे, ती तुम्ही आणि मुलगी जपून करा. पाण्यात पाय सोडून बसलात तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा: निवळ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या की वर कुठेतरी पाऊस कोसळलेला आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी तिथून उठायचं. पाणी वाढायला पाच मिनिटंही पुरतात.

जंगलातल्या वाटांवर आधारासाठी फांदी धरण्याची सवय असते, ती या दिवसांत मोडा. चापडा नावाचा हिरवा साप पावसाळ्यात झुडपांवर हाताच्या उंचीवर वेटोळं करून बसतो. पानात पान दिसतो आणि हलत नाही. तो होऊन अंगावर येत नाही, पण हात पडला तर चावतो आणि विषारी आहे. काठी घ्या, फांद्यांना हात लावू नका. त्याच झाडीत मान वर करून चाललात तर शेकरू दिसण्याची चांगली शक्यता असते. आपला राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी, लांब झुपकेदार शेपटीचा. आधी त्याचा खडखडाटी आवाज येतो, मग फांदी हलते.

आता घाट. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण 'पाऊस कमी झाला म्हणजे दरडींचा धोका संपला' असं चांगल्या चांगल्या चालकांना वाटतं. दरड ही त्या दिवशीच्या पावसाने पडते असं नाही. चार महिने डोंगर पाणी पीत असतो. खाली काळा कातळ, वर मुरूम-माती, आणि रस्ता काढताना पायथा कापलेला. मुरलेलं पाणी कातळाच्या पाठीवरून सरकत असतं. मग सप्टेंबरात कडक ऊन पडतं, वरची माती सुकून तडकते आणि त्यात अडकलेले दगड मोकळे होतात. त्यावर हत्तीची एक जोरदार सर आली की ते सुटतात. जुलै २०२१ मध्ये २२ तारखेच्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. असे घाव एका हंगामात भरून येत नाहीत.

तुमच्यासाठी वाट सरळ आहे. पुण्याहून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. सारे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. पसरणीचा घाट पूर्वेच्या, कमी पावसाच्या अंगाला आहे, रुंद आहे, वाहता आहे. तीनही वाटांतला तो सगळ्यांत भरवशाचा. मेढ्याहून येणारा केळघरचा घाट दुसरा, पोलादपूरहून येणारा आंबेनळी तिसरा. ज्येष्ठ आणि लहान मूल सोबत असताना या काळात आंबेनळीत मी जात नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. केळघरने जायचं झालं तर सकाळीच, आणि आदल्या रात्री मोठा पाऊस झालेला नसेल तरच.

केळघरच्या घाटातलाच एक प्रसंग सांगतो, म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळेल. संध्याकाळचे सहा, पाऊस थांबून तास झालेला, रस्ता कोरडा व्हायला लागलेला. एका वळणावर डांबरावर सुपारीएवढे ताजे खडे पडलेले दिसले, आठ-दहा. त्यांच्या खाली डांबर ओलं नव्हतं. म्हणजे ते पाऊस थांबल्यावर पडलेले. मी गाडी थांबवली, काच खाली केली, इंजिन बंद केलं. वरून कागद चुरगाळल्यासारखा बारीक आवाज येत होता आणि मातीची एक बारीक धार कड्यावरून गळत होती. मागच्या गाडीला हात करून दोघांनीही गाड्या सावकाश मागे घेतल्या, मागच्या वळणाआड जाऊन थांबलो. पाच-सात मिनिटांनी एक झाड मुळासकट खाली आलं आणि त्याच्यामागून दोन ट्रॉल्या भरतील एवढी माती. म्हणून सांगतो: कोरड्या रस्त्यावर ताजे खडे, ज्या भिंतीतून आधी स्वच्छ पाणी झिरपत होतं तिथून गढूळ पाणी, तिरकं झालेलं झाड किंवा विजेचा खांब. यातलं काहीही दिसलं तर फोटो काढायला थांबू नका. मागे फिरायला जागा असेल तर फिरा, नसेल तर वेग न वाढवता, पण न रेंगाळता तो टप्पा पार करा. चहा-कणसाच्या टपरीसाठी थांबताना वर बघा, उघडा कापलेला कडा डोक्यावर असेल तर गाडी तिथे लावायची नाही.

चालवण्याबद्दल थोडक्यात. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि घाटातली रीतही. धुक्यात दिवे खाली वळवलेले ठेवा, वरचा झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय तेच कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली की फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसीची हवा काचेवर सोडा. आणि निघण्याआधी टायर बघून घ्या, नक्षी झिजली असेल तर हा घाट त्या टायरांनी करू नका. अंधार पडल्यावर घाटात असायचं नाही, एवढं तर पाळाच.

राहण्याच्या जागेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. चार महिने ओल खाल्लेल्या इमारती असतात त्या. महाबळेश्वरची जुनी घरं आणि दुकानं पावसाळ्याआधी गवताच्या झडींनी झाकून घेतात, हल्ली प्लॅस्टिकही लावतात, आणि तुम्ही जाल तेव्हा त्या झडी उतरवण्याचं काम कुठे कुठे चालू असतं. झड निघालेली भिंत हिरवट-काळी असते, तिला रंग लागायचा असतो. बऱ्याच हॉटेलांतही हेच चालतं, फक्त आतून. म्हणून फोनवर विचारायचं ते दृश्याचं नाही. खोली वरच्या मजल्यावर आहे का, सकाळचं ऊन आत येतं का, गेला आठवडाभर वापरात होती का, आणि गरम पाणी सौर यंत्रावर आहे की गिझरवर. ढगाळ आठवड्यात सौर यंत्राचं पाणी कोमट येतं, आणि सत्तरीतल्या माणसांना ते चालत नाही. खोलीत शिरल्यावर उशी नाकाला लावून बघा. बुरशीचा वास आला तर सामान उघडायच्या आधीच खोली बदलून मागा. बाबांना दमा किंवा खोकला असेल तर यात भीड बाळगू नका, त्या वासाच्या खोलीत काढलेली एक रात्र पुढचे तीन दिवस बिघडवते.

गर्दीचंही याच ओघात. अनंत चतुर्दशी ते नवरात्र हा पितृपंधरवडा, लोक फिरायला निघत नाहीत, हॉटेलं रिकामी असतात, दर खाली येतात. तुमच्या तारखा त्यात बसत असतील आणि घरच्यांना काही अडचण नसेल तर सोमवार ते गुरुवार जा. पॉइंटवर तुम्ही आणि माकडं एवढेच असाल. २ ऑक्टोबरला लागून शनिवार-रविवार आला तर मात्र तो टाळा. पसरणीच्या पायथ्यापासून रांग लागते.

कपड्यांचं फार सांगत नाही. दिवसा बावीस-चोवीस अंश, रात्री सोळा-सतराच्या आसपास. पण हवेतला ओलावा एवढा असतो की त्याची थंडी हाडांत शिरते, आई-बाबांना स्वेटर आणि पायमोजे हवेतच. बुटांचे दोन जोड प्रत्येकाला, कारण भिजलेला जोड तिथे दोन दिवस वाळत नाही. रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

मुलीला आधीच सांगून ठेवा की स्ट्रॉबेरी मिळणार नाही, म्हणजे शेतातली ताजी नाही. बाजारात पेला भरून क्रीम घातलेली मिळते ती साठवणीतल्या फळाची. तिकडची नवी फळं नोव्हेंबर अखेरीला सुरू होतात. पण तुम्ही जाल तेव्हा लागवड चालू असते आणि ती बघण्यासारखी आहे. लाल मातीचे लांबच लांब गादीवाफे, त्यावर ताणून बसवलेला कागद, कागदाला ठरावीक अंतरावर गोल भोकं, आणि बायका पाठीत वाकून एकेका भोकात बोटभर रोप बसवत जातात. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला लागून अशी शेतं आहेत. विचारून बांधावर उभं राहिलात तर कुणी नाही म्हणत नाही. याच मातीतल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. मध घ्यायचा तर जवळच मांघर आहे, २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं.

राहिलं कास. तुमच्या तारखांना फुलं असतात, बहुतेक वर्षी तो बहराचा उत्तरार्ध असतो. पण महाबळेश्वरहून एका दिवसात जाऊन परत येण्याचा बेत करू नका. केळघर-मेढ्यावरून साताऱ्यापर्यंत पंचावन्न-साठ किलोमीटर आणि पुढे पंचवीस, त्यात बराचसा घाटरस्ता. आई-बाबा थकतील आणि पठारावर पोचेपर्यंत दुपारचे ढग आलेले असतील. दोन रात्री महाबळेश्वरला काढा. तिसऱ्या सकाळी रस्ता चांगला असेल तर मेढ्यामार्गे, नसेल तर वाईवरून साताऱ्याला या आणि तिसरी रात्र तिथे काढा. चौथ्या दिवशी सकाळी लवकर कास, आणि दुपारी जेवून महामार्गाने पुणे. प्रवेशाचं आरक्षण आधीच ऑनलाइन करा. रोजच्या माणसांवर मर्यादा आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती भरते. काससकट पश्चिम घाटातली ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हापासून गर्दी वाढली आणि ही मर्यादा आणावी लागली. मला ती फार योग्य वाटते. जांभ्याच्या कातळावर जेमतेम इंच-दोन इंच माती आहे. तिथे पडलेलं एक पाऊल म्हणजे पुढच्या वर्षीचं बी चिरडणं.

म्हणून आखलेल्या वाटेवरूनच चला, पण वाटेच्या कडेला खाली बसा. लोक उभ्याने गुलाबी तेरड्याचा, पिवळ्या सोनकीचा गालिचा बघतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परत फिरतात. तुम्ही मुलीला एक साधं भिंग घेऊन द्या. ओलसर जागी निळी-जांभळी, नखाएवढी फुलं दिसतील, ती सीतेची आसवं. फूल नाजूक आहे, पण त्याच्या मुळाशी, चिखलातल्या पाण्यात, मोहरीपेक्षा बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म किडा पिशवीच्या दाराशी असलेल्या केसाला लागला की पिशवी फुगते, किडा पाण्यासकट आत ओढला जातो आणि दार मिटतं. कातळावरच्या मातीत नत्र फार कमी असतं, म्हणून ही वनस्पती ते असं मिळवते. पिशव्या मातीत असल्याने दिसणार नाहीत आणि त्यासाठी रोप उपटायचं नाही. पण त्याच पठारावर दवबिंदू शोधा, तीही किडे खाणारी वनस्पती. त्याच्या लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब असतात आणि त्यात अडकलेलं चिलट भिंगातून स्पष्ट दिसतं. कवळ्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून मुलं त्याला मिकी माऊस म्हणतात, ते तिला तिचंच सापडू द्या.

आई-बाबांसाठी घडीची दोन स्टुलं गाडीत ठेवा.  आणि अकरा वाजले की पूर्वेकडे एकदा नजर टाका. ढग चढायला लागलेले असतील तर फुलं तिथेच सोडून साताऱ्याकडे उतरायला लागा.